अंतराळ स्थानक बोलते कसे? बाहेरच्या सांगाड्यावरील संदेशयंत्रणेची ओळख

३० जानेवारी २०२५ रोजी सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर पडले आणि जवळजवळ साडेपाच तास बाहेर राहिले. विल्यम्स यांच्या स्पेसवॉकच्या एकूण वेळेची बेरीज त्या दिवशी ६२ तास ६ मिनिटांवर गेली आणि महिला अंतराळवीरांमधील विक्रम त्यांच्या नावावर झाला. बातम्यांचे मथळे साहजिकच त्या विक्रमाने व्यापले. प्रत्यक्षात त्या दिवशीच्या कामांत एक जुने, वारंवार रखडलेले काम होते. स्थानकाच्या उजव्या बाजूच्या सांगाड्यावर बसवलेल्या एका अँटेनाचा बिघडलेला इलेक्ट्रॉनिक खोका सोडवून आत आणायचा होता. एप्रिल २०२३मध्ये स्टीव्ह बोवेन आणि सुलतान अल् नेयादी यांनी तो काढण्याचा प्रयत्न केला होता, पण खोका जागचा हलला नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये जास्मिन मोघबेली आणि लोरल ओहारा यांना वेळ पुरला नाही. जून २०२४मध्ये ट्रेसी डायसन आणि माइक बॅरेट निघाले, तेव्हा दार उघडताच डायसन यांच्या पोशाखाला जोडलेल्या नळीतून पाणी गळू लागले आणि तो स्पेसवॉकच रद्द करावा लागला. चौथ्या खेपेला, म्हणजे पहिल्या प्रयत्नानंतर पावणेदोन वर्षांहून अधिक काळाने, विल्यम्स आणि विल्मोर यांनी तो खोका मोकळा केला.

एका खोक्यासाठी चार वेळा माणसे निर्वात पोकळीत पाठवण्याची तयारी का ठेवली गेली, हे समजण्यासाठी तो कोणत्या यंत्रणेचा भाग होता हे पाहावे लागते. तो स्थानकाच्या सर्वांत वेगवान संदेशयंत्रणेचा भाग नव्हता. उलट तो संथ यंत्रणेचा, म्हणजे ‘एस बँड’ या लहरींवर चालणाऱ्या यंत्रणेचा भाग होता. स्थानकावरून येणारी सुंदर चित्रे, थेट मुलाखती आणि अंतराळवीरांचे घरच्यांशी होणारे बोलणे हे सारे दुसऱ्या, कितीतरी वेगवान मार्गाने येते. पण स्थानकाचा जीव ज्या मार्गावर अवलंबून आहे, तो संथच आहे. ही विभागणी योगायोगाने झालेली नाही. ती मुद्दाम केलेली आहे, आणि स्थानकाच्या बाहेर जे जे अँटेना बसवले आहेत त्यांची रचना तिच्यावरूनच उलगडते.

हे सगळे बाहेर का बसवावे लागते, हा प्रश्न सोपा आहे. स्थानकाचे राहण्याचे कक्ष मुख्यतः ॲल्युमिनियमच्या जाड कवचाचे आहेत आणि धातूच्या बंद डब्यातून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत. त्यामुळे ध्वनी, चित्र आणि आकडे यांची जुळणी करणारे संगणक आत असले, तरी लहरी प्रत्यक्ष सोडणारे आणि झेलणारे भाग बाहेरच असावे लागतात. शिवाय क्षीण संदेशाला लांब तारेतून फिरवले तर तो आणखी क्षीण होतो, म्हणून त्याला बळ देणारी उपकरणेही अँटेनाच्या शेजारी, उघड्यावरच बसवावी लागतात. विल्यम्स आणि विल्मोर यांनी काढलेला खोका अशांपैकीच होता.

उघड्यावर असणे म्हणजे काय, तेही लक्षात घेतले पाहिजे. स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारते, त्यामुळे बाहेरील वस्तू सुमारे पाऊण तास ऊन आणि पाऊण तास सावली अशा चक्रातून दिवसाला सोळा वेळा जातात. उन्हातला पृष्ठभाग सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि सावलीतला उणे १५७ अंशांपर्यंत थंड होतो. चारशे किलोमीटर उंचीवर वातावरण जवळजवळ नसले, तरी तिथे ऑक्सिजनचे सुटे अणू असतात आणि ते प्लॅस्टिकसारखे पदार्थ हळूहळू खातात. सूक्ष्म उल्का आणि मानवनिर्मित कचऱ्याचे कण वेगळेच. एवढे सोसून वर्षानुवर्षे चालणारे उपकरण कधी ना कधी बिघडणारच, हे गृहीत धरून बाहेरील यंत्रणा सुट्या खोक्यांच्या स्वरूपात बांधली आहे. प्रत्येक खोक्याला पकडायला दांड्या असतात, जाड हातमोज्यांनी आणि विजेवर चालणाऱ्या पान्याने फिरवता येतील असे मोजके बोल्ट असतात, आणि बिघडलेला खोका काढून दुसरा बसवणे ही अपेक्षित दुरुस्ती असते. एप्रिल २०२३च्या प्रसंगावरून दिसते की कागदावर सोपी असलेली ही अदलाबदल अनेक वर्षे बाहेर राहिलेल्या खोक्याच्या बाबतीत तितकी सोपी राहत नाही.

आता स्थानक बोलते कोणाशी ते पाहू. बहुतेकांची समजूत अशी असते की स्थानकावरचे अँटेना खाली, पृथ्वीकडे तोंड करून असतील. मुख्य अँटेना प्रत्यक्षात वर, पृथ्वीपासून दूर पाहतात. याचे कारण भूमितीत आहे. स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने जाते. जमिनीवरच्या कोणत्याही एका केंद्राच्या क्षितिजावर ते उगवले की जास्तीत जास्त दहा मिनिटांत मावळते. सुरुवातीच्या मानवी उड्डाणांत यावर उपाय म्हणून अनेक देशांत केंद्रे उभारली जात आणि समुद्रात जहाजे ठेवली जात. तरीही प्रत्येक फेरीत बोलायला मिळणारा वेळ मोजक्या मिनिटांचाच असे, बाकीचा काळ यान आपल्या आपण उडत असे. जमिनीवर केंद्रे वाढवत नेण्यापेक्षा खूप उंचावर मध्यस्थ ठेवावेत, हा विचार नासाने १९७०च्या दशकात स्वीकारला. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याइतक्याच वेळात एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला तो जवळजवळ एकाच ठिकाणी दिसतो. तिथून त्याला खाली फिरणाऱ्या स्थानकाच्या कक्षेचा जवळजवळ अर्धा भाग दिसतो. असे दोन-तीन उपग्रह योग्य अंतरावर ठेवले, तर स्थानक कुठेही असले तरी त्यांतला एखादा त्याला दिसतोच. या उपग्रहांच्या मालिकेला ‘टीडीआरएस’ म्हणतात. तिच्यातला पहिला उपग्रह एप्रिल १९८३मध्ये चॅलेंजर या शटलमधून, म्हणजे नासाच्या पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानातून, सोडला गेला. दुसरा जानेवारी १९८६मध्ये त्याच चॅलेंजरच्या अपघातात नष्ट झाला. मालिकेतला तेरावा आणि शेवटचा उपग्रह ऑगस्ट २०१७मध्ये गेला.

या मालिकेचा एक जुना दोष आपल्या डोक्यावर होता, म्हणून त्याबद्दल थोडे थांबून सांगतो. टीडीआरएसचे जमिनीवरचे केंद्र अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात व्हाइट सँड्स येथे आहे. मध्यस्थ उपग्रहाला एका बाजूला स्थानक दिसले पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला व्हाइट सँड्स. म्हणून दोन मुख्य उपग्रह व्हाइट सँड्सच्या दोन्ही अंगांना, एक अटलांटिकवर आणि एक पॅसिफिकवर असे ठेवले होते. दोघांनाही पृथ्वीची जी पाठ दिसत नव्हती ती हिंदी महासागराच्या भागात होती. व्हाइट सँड्सचे रेखांश सुमारे १०६ अंश पश्चिम आहेत. त्यांच्या अगदी पाठीमागचे रेखांश काढले तर उत्तर ७४ अंश पूर्वेच्या आसपास येते, आणि हे जवळजवळ पुण्याचेच रेखांश आहेत. म्हणजे शटलमधले अंतराळवीर आपल्या भागावरून आणि दक्षिणेकडच्या समुद्रावरून जात, तेव्हा नेमका त्यांचा ह्यूस्टनशी, म्हणजे नासाच्या नियंत्रण केंद्राशी, संपर्क तुटत असे. खालच्या कक्षेतल्या यानांना या व्यवस्थेत फेरीच्या निदान ८५ टक्के काळ संपर्क मिळे, आणि उरलेल्या काळाचा मोठा वाटा या पोकळीत जाई. १९९८मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर दुसरे केंद्र सुरू झाले, हिंदी महासागरावरच्या उपग्रहाला बोलण्यासाठी तिथून एक टोक मिळाले आणि ही पोकळी बुजली. स्थानकाचा पहिला भाग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवकाशात गेला.

या मार्गाची किंमत वेळेत मोजावी लागते. स्थानकापासून जमिनीपर्यंतचे सरळ अंतर चारशे किलोमीटर असले, तरी शब्द आधी छत्तीस हजार किलोमीटर वर जातो आणि तेवढाच पुन्हा खाली येतो. प्रकाशाच्या वेगानेही याला सुमारे पाव सेकंद लागतो, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत निदान अर्धा सेकंद जातो. पुढे जमिनीवरची केंद्रे, कूटबद्धीकरण आणि दूरचित्रवाणीची यंत्रणा यांची भर पडते. मुलाखतीत प्रश्न विचारल्यावर अंतराळवीर माइक हातात धरून क्षणभर नुसता हसत राहतो, याचे कारण त्याच्यापर्यंत प्रश्न अजून पोहोचलेलाच नसतो.

आता त्या दोन मार्गांकडे येऊ. एस बँड म्हणजे सुमारे दोन गिगाहर्ट्झ वारंवारितेच्या लहरी, यांची तरंगलांबी साधारण पंधरा सेंटिमीटर असते. स्थानकाच्या आडव्या सांगाड्यावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा या यंत्रणेच्या दोन स्वतंत्र जोड्या आहेत. हे दोन भाग २००२च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये शटलने नेऊन जोडले. प्रत्येक जोडीत दोन प्रकारचे अँटेना असतात. एक उपग्रहाकडे वळवता येणारा असतो, त्याच्यामुळे खाली येताना सेकंदाला १९२ किलोबिट आणि वर जाताना ७२ किलोबिट माहिती जाऊ शकते. दुसरा वळत नाही, तो आपली ऊर्जा विस्तीर्ण भागात पसरवतो, आणि त्याच्यावरून जाणारी माहिती आणखी कितीतरी कमी असते. आजचा साधा मोबाइलही या आकड्यांना हसेल. पण ह्यूस्टनहून स्थानकाच्या संगणकांना जाणाऱ्या आज्ञा, स्थानकाच्या तब्येतीचे आकडे (हवेचा दाब, तापमान, वीज, पंपांची अवस्था) आणि अंतराळवीरांचा मुख्य आवाज या साऱ्याला एवढी जागा पुरते.

संथपणाच्या बदल्यात मिळते ती सहनशीलता. हातातल्या बॅटरीचा झोत दूरवर पोहोचतो, पण तो नेमका रोखावा लागतो. कंदिलाचा उजेड लांब जात नाही, पण तो कुठेही ठेवला तरी चहूबाजूंना दिसतो. एस बँडचा न वळणारा अँटेना हा कंदिलाच्या जातीचा आहे. काही बिघाडाने स्थानकाचा तोल गेला, ते ठरलेल्या दिशेत राहिले नाही, अँटेना वळवणाऱ्या मोटारी बंद पडल्या, तरी उपग्रह त्या पसरट उजेडात कुठेतरी असण्याची शक्यता राहते आणि अगदी कमी गतीने का होईना, आज्ञा पोहोचू शकते. संकटात माणसाला लांबलचक बोलायचे नसतेच. थोडक्यात, पण खात्रीने बोलता आले पाहिजे.

दुसरा मार्ग ‘केयू बँड’चा. ऑक्टोबर २०००मध्ये, पहिला मुक्कामी चमू पोहोचण्याच्या काही दिवस आधी, डिस्कव्हरी शटलने युनिटी या कक्षाच्या डोक्यावर झेड-१ नावाचा लहान सांगाडा बसवला. त्याच्यासोबत सुमारे १.८ मीटर व्यासाची डिश गेली. ती एका दांड्याच्या टोकावर, दोन अक्षांभोवती फिरणाऱ्या मोटारींवर उभी असते. ती खाली पाठवते त्या लहरींची वारंवारिता सुमारे १५ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी दोनच सेंटिमीटर. तरंगलांबी जितकी लहान आणि डिश जितकी मोठी, तितका झोत अरुंद होतो. या डिशचा झोत एका अंशाहून कमी रुंदीचा आहे. तुलनेसाठी सांगायचे, तर आकाशातला पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो. इतका अरुंद झोत उपग्रहाच्या अंतरापर्यंत जाताना पसरून सुमारे पाचशे किलोमीटर रुंद होतो, तरी तेवढ्या अंतरावर आणि तेवढ्या पोकळीत तो उपग्रहावरच रोखलेला ठेवणे सोपे नाही. स्थानक नेहमी आपला तळ पृथ्वीकडे ठेवून फिरते, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात ते दर मिनिटाला सुमारे चार अंश वळत असते. डिश उलट दिशेने तितकीच वळली नाही, तर उपग्रह काही सेकंदांतच झोताबाहेर जाईल. म्हणून तिला आधी गणिताने उपग्रहाची जागा सांगितली जाते, आणि एकदा संदेश मिळाला की कोणत्या बाजूने तो अधिक जोरदार येतो ते पाहत ती स्वतःच आपली दिशा सुधारत राहते.

ही एवढी कसरत मोठ्या क्षमतेसाठी आहे. सुरुवातीला सेकंदाला पन्नास मेगाबिटांच्या आसपास असलेला हा मार्ग टप्प्याटप्प्याने वाढत ३००वर आणि २०१९मध्ये ६०० मेगाबिटांवर गेला. प्रयोगांची माहिती, एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांची चित्रे, ईमेल, इंटरनेट, घरच्यांशी चित्रसंवाद असे सगळे यावरून चालते. याच मार्गाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. स्थानकाचे सौरपंख सूर्याच्या मागे फिरत असतात आणि ते डिश आणि उपग्रह यांच्या मध्ये आले की चित्र जाते. एक उपग्रह मावळून दुसरा घ्यायचा असतो, तेव्हाही खंड पडतो. टीडीआरएस उपग्रह हबल दुर्बीण आणि इतर यानांनाही सेवा देतात, त्यामुळे वेळापत्रक आखूनच काम चालते. आणखी एक गोष्ट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. या डिशचा झोत जवळ उभ्या असलेल्या माणसाला अपायकारक ठरू शकतो, म्हणून अंतराळवीर बाहेर आले की डिशला ठरावीक दिशा वर्ज्य केल्या जातात. माणसे बाहेर काम करत असताना थेट चित्र मधूनमधून तुटते, त्यामागे हेही एक कारण असते.

दहा वर्षे ही डिश एकटीच होती. मे २०१०मध्ये अटलांटिस शटलमधून दुसरी डिश गेली आणि ती गॅरेट राइसमन आणि स्टीव्ह बोवेन यांनी झेड-१वरच उभी केली. डिश आणि तिचा दांडा यांत बारीकशी फट राहिल्याने उड्डाणासाठी लावलेल्या खिट्ट्या त्या दिवशी काढल्या नाहीत, पुढच्या स्पेसवॉकमध्ये बोल्ट आवळून मग त्या काढल्या. बोवेन हे नाव वर एकदा येऊन गेले आहे. तेरा वर्षांनी न हललेल्या त्या खोक्याशी झटणारे तेच. बाहेरच्या यंत्रणेची देखभाल करणाऱ्यांची संख्या इतकी लहान आहे की तीच नावे पुन्हा पुन्हा भेटतात. विल्मोर यांचेही तसेच आहे, त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

संथ आणि वेगवान या दोन मार्गांना मिळून आणखी एक आधार आहे, तो रशियन भागाचा. स्थानकाच्या रशियन अर्ध्या भागाची संदेशयंत्रणा पूर्णपणे वेगळी आहे. तिची उपकरणे वेगळी, जमिनीवरची केंद्रे वेगळी आणि नियंत्रणही मॉस्कोजवळून. सहकार्याच्या प्रकल्पात दोन देशांनी दोन वेगळ्या यंत्रणा चालवणे हा वरवर अपव्यय वाटतो, पण दोन प्रसंगांनी त्याचे मोल दाखवून दिले. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी स्थानकाच्या मुख्य संगणकांवर नवे सॉफ्टवेअर चढवताना बिघाड झाला आणि टीडीआरएसमार्फत होणारा सगळा संपर्क जवळजवळ तीन तास बंद पडला. त्या काळात स्थानक रशियन केंद्रांवरून जाई तेव्हाच काही मिनिटे बोलता येई, आणि त्या मिनिटांतच काय करायचे ते अंतराळवीरांना सांगितले गेले. दुसरा प्रसंग २५ जुलै २०२३चा. या वेळी स्थानकावर काहीच बिघडले नव्हते. ह्यूस्टनच्या केंद्रात एका इमारतीच्या कामादरम्यान वीज गेली आणि आज्ञा, आकडे आणि आवाज हे तिन्ही तुटले. काय झाले आहे हे अंतराळवीरांना सुमारे वीस मिनिटांत रशियन यंत्रणेवरूनच कळवण्यात आले, आणि दीड तासाच्या आत राखीव नियंत्रणव्यवस्थेवरून संपर्क पूर्ववत झाला. या दोन्ही वेळी दुहेरी एस बँड, दुहेरी डिश यांचा काही उपयोग नव्हता, कारण दोष त्यांच्या वरच्या पायरीवर होता. एकसारख्या दोन वस्तू ठेवल्याने एका जातीच्या अपघातापासून संरक्षण मिळते. वेगळ्या जातीच्या अपघातासाठी वेगळ्या जातीचा मार्गच लागतो.

रशियन यंत्रणेची स्वतःची कथाही रंजक आहे. जुलै २०००मध्ये गेलेल्या झ्वेझ्दा या कक्षाच्या मागच्या बाजूला उपग्रहामार्फत बोलण्यासाठी एक दिशादर्शी अँटेना आहे. त्याचा जुना इलेक्ट्रॉनिक खोका बदलण्यासाठी २ फेब्रुवारी २०१८ रोजी अलेक्झांडर मिसुर्किन आणि अँटन श्काप्लेरोव्ह बाहेर गेले. जुना खोका बाहेर बदलता यावा अशा बेताने बनवलेलाच नव्हता. काम लांबत लांबत ८ तास १३ मिनिटांवर गेले, आणि तो त्या वेळी रशियन स्पेसवॉकचा विक्रम ठरला. खोका बदलला, जुना त्यांनी हाताने मागे ढकलून अवकाशात सोडून दिला, आणि मग अँटेना उघडला तर तो अपेक्षेच्या नेमका १८० अंश उलट दिशेला जाऊन थांबला. जमिनीवरून तपासणी झाली आणि तो चालतो आहे असे सांगण्यात आले.

आतापर्यंत दूरच्या संपर्काबद्दल बोललो. जवळच्या संपर्काची यंत्रणा निराळी आहे. बाहेर गेलेल्या अंतराळवीराच्या पाठीवरच्या संचात चारशे मेगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओ असतो, आणि स्थानकाच्या अंगावर ठिकठिकाणी त्याच्यासाठी लहान अँटेना लावलेले असतात, म्हणजे माणूस एखाद्या कक्षाच्या आड गेला तरी कोणता तरी अँटेना त्याला ऐकतोच. वेळेचे सूक्ष्म तुकडे वाटून घेऊन एका वेळी पाच जणांना या जाळ्यावर राहता येते. त्यांचा आवाज आधी स्थानकात येतो आणि मग एस बँडवरून ह्यूस्टनला जातो. जवळ येणाऱ्या यानांसाठीही अशीच सोय लागते. स्पेसएक्स कंपनीच्या ड्रॅगनसारख्या मालवाहू यानासाठी एक रेडिओ संच यान तयार होण्याच्या आधीच, नोव्हेंबर २००९मध्ये, शटलने पोहोचवला होता. पुढच्या पिढीच्या यानांना सामाईक असा नवा संच हवा होता. १ मार्च २०१५ रोजी बुच विल्मोर आणि टेरी व्हर्ट्स यांनी सांगाड्याच्या दोन्ही टोकांच्या बाजूंना त्याचे अँटेना उभे केले आणि त्यासाठी १२२ मीटर केबल हाताने ओढून, जागोजाग बांधून घातली. अवकाशातल्या कामांत तारा बांधणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि बोटांना थकवणारे काम मानले जाते. येणाऱ्या यानाने दहा मीटरवर असताना ‘मागे हट’ ही आज्ञा ऐकणे हे मात्र त्याच तारांवर अवलंबून असते.

युरोपने आपल्या कोलंबस कक्षासाठी अलीकडे वेगळी वाट काढली. २७ जानेवारी २०२१ रोजी माइक हॉपकिन्स आणि व्हिक्टर ग्लोव्हर यांनी फ्रिजच्या आकाराचे एक उपकरण कोलंबसच्या बाहेर जोडले. ते युरोपच्या स्वतःच्या मध्यस्थ उपग्रहांशी बोलते आणि सेकंदाला ५० मेगाबिटांपर्यंत माहिती उतरवू शकते. उद्देश वेगाचा कमी आणि स्वायत्ततेचा अधिक आहे, युरोपीय शास्त्रज्ञांची माहिती अमेरिकेला वळसा न घालता घरी यावी हा. भारतानेही मानवी उड्डाणांसाठी स्वतःचे मध्यस्थ उपग्रह सोडण्याची योजना आखली आहे, त्यामागचा विचार यापेक्षा फार वेगळा नाही.

रेडिओच्या पुढची पायरी लेझरची. प्रकाशाची तरंगलांबी रेडिओपेक्षा हजारो पटींनी लहान असल्याने झोत आणखी अरुंद करता येतो आणि त्यात कितीतरी अधिक माहिती बसते. जून २०१४मध्ये स्थानकाबाहेरच्या एका प्रयोगाने कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणीकडे लेझरने एक लहानशी चित्रफीत पाठवली आणि तिची प्रत्येक प्रत साडेतीन सेकंदांत पोहोचली. नोव्हेंबर २०२३मध्ये गेलेला ‘इलुमा-टी’ हा संच जपानच्या किबो कक्षाच्या बाहेरील ओट्यावर बसवला गेला. त्याने खाली न पाहता वरच्या लेझर-मध्यस्थ उपग्रहाकडे सेकंदाला १.२ गिगाबिट वेगाने माहिती पाठवली, म्हणजे केयू बँडच्या दुप्पट. त्या मध्यस्थाची जमिनीवरची दोन केंद्रे कॅलिफोर्निया आणि हवाई येथे आहेत, आणि ती एकमेकांपासून इतकी दूर ठेवण्याचे एक मोठे कारण साधे आहे. ढग आले की लेझर थांबतो, म्हणून एकावर ढग असले तरी दुसरे मोकळे असावे. माझ्या मते लेझर कितीही पुढे गेला तरी तो डिशची जागा घेईल, एस बँडची नाही. ज्याला निरभ्र आकाश आणि केसाएवढी अचूक नेमबाजी लागते, त्याच्यावर संकटाच्या वेळचा संदेश कोणी सोपवणार नाही.

या सगळ्या भारदस्त यंत्रणेच्या बाजूला एक अगदी साधी यंत्रणा आहे, आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात येते ती तीच. झ्वेझ्दा आणि कोलंबस या दोन्ही कक्षांच्या बाहेर हौशी रेडिओचे, म्हणजे हॅम रेडिओचे अँटेना लावलेले आहेत. यांना मध्यस्थ उपग्रह लागत नाही, ते सरळ जमिनीशी बोलतात, म्हणून जुन्या काळच्या यानांसारखाच त्यांचा संपर्क एका ठिकाणाहून दहा मिनिटांच्या आत संपतो. जुलै २०२५मध्ये स्थानकावर असताना शुभांशू शुक्ला यांनी याच रेडिओवरून बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातल्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला. बोलण्यासाठी हॅम परवाना लागतो. स्थानकाकडून येणारा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर असतो आणि डोक्यावरून जाताना तो हातात मावणाऱ्या संचावरही स्पष्ट येतो. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करत असल्याने ते महाराष्ट्र आणि गोव्यावरून वारंवार जाते. मात्र त्याच्या वेगामुळे वारंवारिता सरकते. ते क्षितिजावर उगवून जवळ येत असताना आवाज सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर मिळतो, डोक्यावर असताना नेमका १४५.८००वर, आणि मावळतीकडे जाताना तेवढाच खाली. त्यामुळे ज्या संचात बारीक पायऱ्यांनी वारंवारिता बदलता येते, तो अशा वेळी अधिक उपयोगी पडतो.